चुकांची प्रत

राजवर्धन सरांचं वाटोळं व्हावं असं मला तीन वर्षं मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला भाबडी समजायला नको. आमच्या जैनांच्या घरात लहानपणापासून वाटेकडं बघून चालायला शिकवतात, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. मुंगीला मी आजवर काही केलेलं नाही. भाद्रपदात पर्युषण संपलं की आम्ही ओळखीच्या सगळ्यांची क्षमा मागतो आणि सगळ्यांना क्षमा करतो. माझी यादी शंभरावर नावांची, फोन करून करून घसा बसतो. त्या यादीतून मी एक नाव दरवर्षी जाणूनबुजून गाळत होते. आमचे हे म्हणायचे, "पद्मा, सोडून दे की." मी म्हणायचे, "तुमी सोडा. तुमचं काय गेलंय?"

माझं काय गेलं ते ऐका. एकतीस वर्षं मी शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. शाळेच्या मागं ओढा. मधल्या सुट्टीत पोरं ओढ्यावर, आणि सुट्टी संपली की ओढा पोरांच्या खिशातनं वर्गात. खेकडा, गोगलगाय, एकदा तर माझ्या हजेरीपटावर बेडूक बसलेला. रागावून काही होत नव्हतं, म्हणून मी त्या प्राण्यांचंच पुस्तक करायला घेतलं. बाजारात मिळायची त्या पुस्तकांत पेंग्विन असायचे आणि बर्फातलं पांढरं अस्वल. आमच्या पोरांनी पेंग्विन कुठं जाऊन बघायचा? जे बघता येत नाही ते फक्त पाठ करता येतं, आणि पाठांतराला मी विज्ञान म्हणत नाही.

पुस्तकाचं नाव ‘ओढ्याकाठचे शेजारी’. चोवीस पानं. प्रत्येक पानावर चित्र आणि चित्राखाली कागदाची छोटी खिडकी, ती उचलली की आत एक वाक्य. या चोवीस पानांना मला अकरा वर्षं लागली. ‘गांडुळाला कान नसतात’ हे वाक्य लिहायच्या आधी मी चार दिवस बांधावर बसून गांडुळांसमोर थाळी वाजवली होती. गावानं मला वेडी ठरवली. ठरवू देत. गांडूळ हललं नाही आणि मी वाक्य लिहिलं.

याच पुस्तकाच्या मी दोन प्रती केल्या होत्या, दोन्ही हातानं. एक खरी आणि एक चुकांची. लहान पोरं छापलेलं, चिकटवलेलं, बाईंनी दाखवलेलं सगळं गिळतात. म्हणून चुकांच्या प्रतीत मी मुद्दाम सात चुका पेरल्या होत्या. कोळ्याला सहा पाय. गांडुळाला दोन डोळे. वटवाघूळ अंडी घालतं. राणीमाशी फुलांवर जाऊन मध आणते. गोगलगायीला पाठीचा कणा असतो. बेडूक तोंडानं पाणी पितो. सातवी चूक सापांच्या पानावर. पोरांनी ओढ्यावर जायचं, घरात विचारायचं, मोठ्या पुस्तकात हुडकायचं, आणि चूक सापडली की वर्गात उभं राहून ओरडायचं, "बाई, पुस्तक चुकलंय." त्या ओरडण्याएवढं गोड मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

चूक खरी वाटायची तर चित्र जास्त चांगलं काढावं लागतं. त्यामुळं दोन्हींत देखणी प्रत चुकांचीच होती. सहा पायांचा कोळी मी इतका ऐटबाज काढला होता की खऱ्या कोळ्याला लाज वाटावी. वर कुठंही ‘चुकांची प्रत’ असं लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर पोरं शोधणार काय?

सापांच्या पानाचं मात्र नीट सांगते. तिथं दोन साप होते, मण्यार आणि कवड्या. दोघंही काळपट, दोघांच्याही अंगावर फिकट पट्टे. मण्यार पावसाळ्यात घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा चावलेलं कळतसुद्धा नाही. कवड्या बिचारा बिनविषारी. चुकांच्या प्रतीत दोघांच्या खिडक्या उलट्या होत्या. मण्यारीच्या चित्राखाली लिहिलेलं, ‘हा कवड्या. बिनविषारी. घाबरू नका.’ बाकीच्या सहा चुका पोरांनी आठवडा-आठवडा शोधल्या तरी चालायचं. ही चूक त्याच दिवशी, घंटा व्हायच्या आत सापडलीच पाहिजे. नाही सापडली तर मी स्वतः सांगून टाकायचे आणि दोन-दोनदा वदवून घ्यायचे. प्रत कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला.

डॉ. राजवर्धन सर म्हणजे आमच्या भागात मुलांच्या पुस्तकांतलं मोठं प्रस्थ. डॉक्टरकी शालेय व्यवस्थापनातली. ताराबाई पार्कात ऑफिस, काचेचा दरवाजा, भिंतभर सत्काराचे फोटो, नावावर तीसेक पुस्तकं. मी निवृत्त होऊन कोल्हापुरात राहायला आले तेव्हा दोन्ही प्रती घेऊन त्याच्याकडं गेले. कुठली खरी, कुठली चुकांची, ती कशासाठी केली, सगळं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. तो मोबाईलवर अंगठा फिरवत होता आणि मधूनमधून "वा, वा" म्हणत होता. आठ महिन्यांनी पाकीट आलं. आत खरी प्रत आणि चिठ्ठी, ‘आशय मुलांना जरा जड आहे. दुसरी प्रत ऑफिस हलवताना गहाळ झाली, क्षमस्व.’ मी ती चिठ्ठी फाडली नाही, जपून ठेवली. राग शिळा होऊ नये म्हणून अधूनमधून काढून वाचत होते.

यंदा श्रावणात, सोमवारी दुपारी, रुचिताचा फोन आला. रुचिता माझी जुनी विद्यार्थिनी. दुसरीत असताना सातही चुका शोधलेल्या, आता स्वतः बाई झालेली, पन्हाळ्याकडच्या एका वाडीतल्या शाळेत.

"बाई, तुमचं पुस्तक आलंय आमच्या शाळंत," ती म्हणाली. "पण नाव राजवर्धन सरांचं हाय वर."

मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला.

"नीट बघितलंस का?"

"बघितलं म्हंजे? तुमचीच चित्रं हायत सगळी, कंप्युटरवर रंगवल्यात नुसती. खिडक्या पण तशाच. ‘ओढ्याकाठचे मित्र’ असं नाव केलंय. आणि बाई..." ती हसायला लागली, तिला पुढं बोलताच येईना. "बाई, कोळ्याला सहाच पाय हायत."

मला कळायला एक क्षण लागला. मग मीही हसले. एकटी स्वयंपाकघरात उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गहाळ झालेली प्रत! चोरानं घरात शिरून दोन पेट्या बघितल्या आणि जास्त चकाकणारी उचलली. गांडुळाचे डोळे, वटवाघळाची अंडी, गोगलगायीचा कणा, सगळं जसंच्या तसं छापलं होतं. तीस पुस्तकांच्या लेखकाला सहा वर्षांच्या पोराचं पुस्तक तपासता आलं नव्हतं.

रुचितानं बाकीची माहिती आधीच काढली होती. चाळीस शाळांना आधी प्रती दिल्या होत्या, पोरांना कसं वाटतं ते बघायला. पुढच्याच्या पुढच्या रविवारी शाहूपुरीतल्या एका सभागृहात थाटात प्रकाशन होतं. हार, फेटे, मोठी माणसं, आणि मग पुस्तक चारशे शाळांत जाणार होतं.

"कोर्टात जावा बाई," रुचिता म्हणाली.

"कोर्टात जाऊन काय करू? गांडूळ काय तुमच्या मालकीचं न्हाय, असं म्हणील तो. गांडुळावर कुणीही पुस्तक लिहू शकतं. पण सहा पायांचा कोळी दुसऱ्या कुणाला सुचत न्हाय, रुचिता. ती माझी सही हाय."

बेत माझ्या डोक्यात तिथंच तयार झाला. प्रकाशनाला आमच्या गावची पोरं न्यायची. माझ्या हाताखालून गेलेल्यांची लेकरं, सात-आठ वर्षांची, चुणचुणीत. पहिल्या दोन रांगांत बसवायची. सर माईकवर आले, पुस्तक उंच धरलं, की एकेकानं उठायचं. सर, कोळ्याला आठ पाय असतात. सर, वटवाघूळ पिल्लाला दूध पाजतं. पुस्तक चुकलंय, सर. पुस्तक चुकलंय. पुस्तक चुकलंय. मी मागच्या रांगेत बसणार होते, खरी प्रत मांडीवर घेऊन. दिवसातून चारदा मी तो प्रसंग जगत होते. भाजी निवडताना हसू यायचं. त्याचा फेटा जरा तिरका झालेला दिसायचा, कपाळावर घाम, हातात माईक आणि तोंडात शब्द नाही. सूड माणसाला म्हातारपणी तरतरी देतो, हे कुणी सांगत नाही. मला त्या दिवसांत गुडघेदुखीसुद्धा जाणवली नाही.

मंगळवारी सकाळी रुचिताचा परत फोन आला. आवाज वेगळा होता.

"बाई, सातवी चूक."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सापाचं पान. खिडक्या उलट्याच छापल्यात. मी आमच्या शाळंतल्या सगळ्या प्रती गोळा करायला लागलीया. बाकीच्या एकोणचाळीस शाळांना फोन करती."

मी ते पान विसरले होते असं कुणी समजू नये. मी विसरले नव्हते. सोमवारी फोनवर सहा चुका मोजताना सातवीपाशी माझं मन आलं होतं, आणि मी त्याला तिथनं बाजूला घेतलं होतं.

"आत्ता फोन केलास तर काय होईल माहीत हाय का?" मी म्हणाले. "त्याच्या कानावर जाईल. तो प्रती परत मागवंल, कुणाकडनं तरी सगळं पुस्तक तपासून घेईल, साती चुका दुरुस्त करील. मग माझ्याकडं काय राहिलं? रविवारनंतर मी स्वतः चाळीस शाळा फिरते. बारा दिवसांचा प्रश्न हाय."

"बाई, पावसाळा हाय. साप निघायचं दिवस हायत."

"पोरं सापाला बघून पळत्यात गं. पुस्तक उघडून बघत न्हाईत."

मग ती म्हणाली, "तुमी म्हणताय तर थांबती." छापलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी तिला सहाव्या-सातव्या वर्षी शिकवलं होतं. बाईंवर ठेवायचा नाही, हे शिकवायचं राहून गेलं.

पोरं सापाला बघून पळतात हे मी म्हणाले. एकतीस वर्षं पोरांच्या खिशातनं खेकडे काढलेली बाई हे म्हणाली.

गुरुवारी साडेअकराला तिनं फोन केला तेव्हा मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. ती हळू आवाजात, एकेक शब्द तोडून बोलत होती. तिच्या शाळेत तीस प्रती होत्या. एकोणतीस तिनं मंगळवारीच काढून घेतल्या होत्या. तिसावी दुसरीतल्या आदितीकडं होती. ती पंचमीला आजोळी गेलती, ती आज शाळेत आली. दप्तरात पुस्तक होतं आणि हातात प्लॅस्टिकची बरणी. बरणीच्या झाकणाला तिनं खिळ्यानं भोकं पाडली होती, श्वास घेता यावा म्हणून.

"सगळ्यांना बोलावून दाखवत हुती, बाई. ‘कवड्या हाय, बिनविषारी हाय, घाबरू नका.’ खिडकीतलं वाक्य पाठ म्हणत हुती. आजीच्या जळणाच्या ढिगात घावला म्हणाली. हातानं उचलून बरणीत घातलाय." रुचिताचा आवाज तिथं फुटला. "झाकण उघडून हात घालायला लागली, तवा मी धरली तिला."

सर्पमित्र येऊन गेला होता. मण्यार होती, चांगली तीन फुटी. दिवसा ती सुस्त असते, गुंडाळी करून पडते, म्हणून चावली नाही एवढंच, असं तो सांगून गेला. संध्याकाळी उचलली असती तर त्याला बोलवायची गरज पडली नसती, असंही म्हणाला.

मी पायात चपला घातल्या आणि ताराबाई पार्कातल्या त्याच्या ऑफिससाठी रिक्षा केली. वाटेत मला पोरीचा विचार येत होता का? येत होता. पण खोटं कशाला बोलू, त्याच्याबरोबर दुसराही विचार येत होता, की आता सभागृह गेलं, फेटा गेला, पहिल्या रांगेतली पोरं गेली. त्याचं जे व्हायचं होतं ते आता चार भिंतींत होणार होतं आणि बघायला मी एकटीच असणार होते. दोन्ही विचार एकाच रिक्षात बसले होते.

राजवर्धन सरानं मला ओळखलं नाही. मग ओळखलं आणि उठून उभा राहिला. "या ना मॅडम, बसा. कॉफी सांगू?" टेबलावर ‘ओढ्याकाठचे मित्र’चा गठ्ठा होता. मी एक प्रत ओढली, सापांचं पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं.

"खिडकी उचला आणि वाचा."

"मॅडम, हे जरा..."

"वाचा."

त्यानं वाचलं. "हा कवड्या. बिनविषारी. घाबरू नका."

"खरं का खोटं?"

तो चित्राकडं बघू लागला. मग माझ्याकडं. उत्तर येत नसलं की पोरं बाईच्या तोंडावर उत्तर शोधतात, तसा तो शोधत होता. "खरंच असेल की," तो म्हणाला. "म्हणजे... असावं."

मी त्याला बरणीचं सांगितलं. सगळं, भोकांसकट. त्याचा चेहरा पडला आणि तो म्हणाला, "पेपरमध्ये आलंय का?" त्यानंतर म्हणाला, "मुलगी बरी आहे ना?" हा क्रम मी आयुष्यभर विसरणार नाही. त्याच्याविषयी आत कुठं चिमूटभर दया शिल्लक असली तर ती तिथं संपली.

"आता फोन उचला," मी म्हणाले. "चाळीसच्या चाळीस शाळांना तुम्ही स्वतः फोन करायचा, माझ्यासमोर, स्पीकर लावून. प्रत्येकाला दोन वाक्यं सांगायची. पहिलं, सापाचं पान चुकलंय, सगळ्या प्रती पोरांकडनं आत्ताच्या आत्ता काढून घ्या, जे पोरगं गैरहजर असंल त्याच्या घरी माणूस धाडा. दुसरं, हे पुस्तक मी लिहिलेलं नाही, पद्मावती मगदूम बाईंचं चोरलंय."

"पहिलं ठीक आहे. दुसऱ्याची काय आवश्यकता आहे?" तो माझ्याकडं झुकला. "मॅडम, आपण मार्ग काढू ना. सहलेखिका म्हणून तुमचं नाव टाकतो. मुखपृष्ठावर."

"पहिलं वाक्य म्हटलं की ते विचारतील, सर, तुमचं पुस्तक असून चुकलं कसं. तेव्हा दुसरं लागंल. तुम्ही बोलणार नसाल तर मी पेपरवाल्यांना लावते. त्यांचे नंबर मी येतानाच काढलेत."

त्यानं मोबाईल हातात घेतला, आणि थांबला. "अजून काही चुका आहेत का यात?"

"सहा."

"कुठल्या?"

"लेखक तुमी हाय. शोधा."

त्यानं खरंच पुस्तक उघडलं. स्वतःचं नाव छापलेलं पुस्तक तो पहिल्यांदा वाचत होता. गांडुळाच्या पानावर थांबला, पुढं गेला. कोळ्याच्या पानावर बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं, बोट उचललं. बेडूक, गोगलगाय, मधमाशी. एकही सापडली नाही त्याला. उलट खेकड्याच्या पानावर, जिथं सगळं बरोबर होतं, तिथं म्हणाला, "हे तिरकं चालणं चुकीचं आहे का?" मी ते पान उलटून पुढचं त्याच्यापुढं केलं. तीन वर्षांत मला इतकं सुख झालं नव्हतं.

मग फोन सुरू झाले. पहिला फोन जोतीराम गुरुजींना, राधानगरीच्या अंगाला असलेल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. सरानं दोन्ही वाक्यं भरभर म्हटली.

"चोरलं म्हंजे? असू दे, ते मागनं बघू," गुरुजी म्हणाले. "पर मग वळखायची कशी ती सांगा की, सर. आमच्या हितं दोन्ही निघत्यात."

सरानं मोबाईल दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

मी सांगितलं. मण्यारीचे पट्टे शेपटीकडं ठळक असतात आणि डोक्याकडं येता येता विरत जातात. कवड्याचे मानेपासनं सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होतात. पण पोरांना हे सांगत बसू नका. पट्ट्याचा कुठलाही साप दिसला की लांब व्हायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, एवढंच सांगा. गुरुजी म्हणाले, "हे ध्येनात राहील. तुमी कोण बोलताय म्हणायचं?" मी नाव सांगितलं.

चाळीस वेळा हे झालं. प्रत्येक वेळी तोच प्रश्न आला आणि प्रत्येक वेळी त्याला मोबाईल माझ्यापुढं धरावा लागला. पहिले दहा-बारा फोन मला गुळासारखे लागले. ‘चोरलंय’ म्हणताना तो मान खाली घालायचा, एकदा तर तो पाणी प्यायला. पुढं पुढं मात्र तो सराईतपणे म्हणायला लागला, वाण्यानं भाव सांगावा तसा. हे मला आवडलं नाही. मला ते प्रत्येक वेळी नव्यानं दुखायला हवं होतं. विसाव्या फोनला मी त्याला थांबवलं आणि सावकाश म्हणायला लावलं. शाळा सुटायच्या आत सगळे फोन झाले. कुणाला काही झालेलं नव्हतं. एका शाळेत तर गठ्ठा अजून सोडलासुद्धा नव्हता. शेवटचा फोन त्यानं सभागृहाला केला आणि कार्यक्रम रद्द म्हणून सांगितलं. तो मी सांगितला नव्हता, त्याचा त्यानंच केला.

मी उठले. जिंकल्यासारखं वाटत होतं, का वाटू नये? दारापर्यंत गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू?"

मी वळले. त्याचा शर्ट काखेत भिजला होता. पण त्याच्या डोळ्यांत आता भीती नव्हती.

"मी चोर आहे. चाळीस लोकांना सांगितलं. पण त्या मण्यारीचं मला माहीत नव्हतं, देवाशपथ. तुम्हाला होतं. पुस्तक शाळेत आलंय हे तुम्हाला कधी कळलं?"

मी काच ढकलून बाहेर पडले. त्या माणसानं माझं अकरा वर्षांचं काम चोरलं, ते मी एखाद्या भाद्रपदात सोडूनही देईन. हा प्रश्न विचारला त्याबद्दल मी त्याला कधी क्षमा करणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पन्हाळ्याची बस धरली. रुचिता फाट्यावर घ्यायला आली होती. माझ्याशी बोलत नव्हती, पण चढावर तिनं माझी पिशवी घेतली. आदितीचं घर वाडीच्या टोकाला, दारात दोन म्हशी. तिची आई स्वप्नाली वैरण टाकत होती. हात पुसत आली, सोप्यात सतरंजी टाकली. "बसा बाई. पोरगी वाचली म्हणायची. त्या पुस्तकवाल्याला फोडून काढला पाहिजे." मी म्हणाले, "त्यातला निम्मा पुस्तकवाला मी हाय," आणि सगळं सांगितलं. सोमवार सांगितला, मंगळवार सांगितला. रुचितानं फोन करायचं म्हटलेलं आणि मी तिला थांबवलं, तेही सांगितलं. स्वप्नाली ऐकत होती.

आदिती आतल्या दारात उभी होती. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"म्हंजे तो कवड्या न्हवता?" तिनं मला विचारलं.

"न्हाय. मण्यार होती ती."

"पुस्तकात लिवलं हुतं की."

"पुस्तकात खोटं लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. पोरांनी शोधून काढावं म्हणून."

ती विचारात पडली. "मला कुणी सांगितलं न्हाय, शोधायचं हाय म्हणून."

"मी सांगायला पायजे होतं. मला सोमवारीच कळलं होतं."

"मग का न्हाय सांगितलं?"

"एका माणसावर माझा राग होता."

ती दारातनं पुढं आली. आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"माझ्यावर हुता?"

"न्हाय गं."

"मग साप मला कशाला?"

स्वप्नालीनं तिला जवळ ओढलं, तिचं तोंड आपल्या पोटाशी धरलं. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "बाई, आता उठा तुमी." मी उठले.